असेंब्ली वाचणारा कोंडीदा

काळाचौकीला आमच्या गावकीची एक खोली होती. दहा बाय बाराची. तीत एकाच गावचे अकरा बाप्ये राहायचो, पाळीपाळीनं झोपायचो आणि पेपर मात्र सगळ्यांत मिळून एकच घ्यायचो. तो पहिला हातात धरायचा हक्क कोंडीदाचा. कोंडीराम पाष्टे, माझा लांबचा चुलतभाऊ, करी रोडच्या एका मिलमध्ये सांचेवाला, म्हणजे माग चालवणारा. पहिली पाळी सुटली की तो चारच्या सुमाराला यायचा, कानामागं आणि भुवयांवर चिकटलेला कापूस ओल्या फडक्यानं पुसायचा, स्वतःच्या ट्रंकेवर बसायचा आणि वाचायला लागायचा. खून, मारामाऱ्या, क्रिकेट, सिनेमाच्या जाहिराती यातलं काही नाही. तो फक्त असेंब्ली वाचायचा.

असेंब्ली म्हणजे काल विधानसभेत काय झालं त्याची बातमी. मंत्री काय म्हणाले, विरोधी बाकावरून कोणी काय विचारलं, कुठलं बिल मांडलं, कुठलं पुढच्या बैठकीवर ढकललं. सांच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, आणि कमी ऐकू येणारा माणूस वाचतो मोठ्यानं. मी रात्रपाळीचा. माझी झोप ऐन भरात असायची तेव्हा ह्याचे मंत्री उत्तराला उभे राहायचे. मी उशी कानावर दाबून ओरडायचो, "कोंडीदा, तुझ्या मंत्र्याला सांग, वायच हळू बोल."

तो हसायचाही नाही, रागवायचाही नाही. "ऐक रे भिवा, तुझ्याच कामाचा हाय," म्हणायचा आणि पुढची ओळ वाचायचा.

माझ्या कामाचं होतं ते थोडं. त्याच्या कामाचं फार होतं. गावाला त्याच्याकडे भाताचे चार कोपरे, म्हणजे शेताचे लहान तुकडे, होते. सातबाऱ्यावर मालक म्हणून नाना खोताचं नाव आणि कूळ म्हणून कोंडीदाचं. त्याच्या आज्यानं जांभा फोडून त्या कोपऱ्यांना बांध घातले होते, आणि तेव्हापासून तीन पिढ्या अर्धं भात खोताच्या घरी जात होतं. मध्ये सरकारनं खोती रद्द केली. खोती गेली, खोत राहिले. आता असेंब्लीत बोलणं चाललं होतं ते नव्या कुळकायद्याचं, की जो जमीन कसतो त्याला ती विकत मिळावी, हप्त्याहप्त्यानं का होईना, पण त्याच्या नावावर व्हावी.

कोंडीदाला ते कोपरे हवे होते, कारण त्याला मुंबईतून जायचं होतं. एवढी साधी गोष्ट. पंचेचाळिशी उलटली होती. छातीत कापूस बसला होता, खोकला लागला की भिंतीला हात टेकून उभा राहायचा. मिलमध्ये दोन सांच्यांच्या जागी चार सांचे एका माणसानं चालवायचे, असं घाटत होतं. ज्याला झेपणार नाही त्यानं घरी बसायचं. असेंब्लीत त्यावरही प्रश्न निघायचे, किती कामगार कमी होणार, त्यांना दुसरं काम कुठे देणार, आणि मंत्री म्हणायचे की सरकार विचार करीत आहे. कोंडीदा ते वाक्य वाचून चष्मा कपाळावर सरकवायचा. "सरकार विचार करताहा तवर माझे पाय जातील," म्हणायचा. मिलनं घरी बसवायच्या आधी आपणच घरी जायचं आणि आपल्या जमिनीत जायचं, हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. "कायदा होऊ दे, मग मी जातो." हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला त्याची चीड यायची.

पंचावन्न साली आम्ही दोघं खरी असेंब्ली बघायला गेलो. आमच्या भागातल्या आमदाराकडून त्यानं दोन पास मिळवले होते. कौन्सिल हॉलच्या दारात आमच्या पिशव्या काढून घेतल्या. आत गॅलरीत बसवताना पट्टेवाल्यानं दम भरला की टाळी वाजवायची नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत, कठड्यावर कोपर टेकायचं नाही. खाली पंखे फिरत होते. काही सभासद बोलत होते, काही चिठ्ठ्या लिहीत होते, एक जण स्वच्छ झोपला होता. मला वाटलं, ह्यांच्यासाठी माझी इतकी झोप गेली? कोंडीदा मात्र देवळात बसावं तसा बसला होता. दोन तासांत तो एकदाही खोकला नाही. बाहेर आल्यावर फुटपाथवर बसून त्यानं तो सगळा खोकला काढला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

परतताना ट्राममध्ये तो मला सांगत होता, असेंब्लीची त्याला कोणती रीत सगळ्यात आवडते ते. "बिल तिथे एकदम मंजूर करत नायत. पयला वाचन, दुसरा वाचन, तिसरा वाचन. तीनदा इचारतात. आपल्यासारखा नाय, एकदा बोललास की बोललास. मानसाला इचार करायला टाइम देतात." मी म्हटलं, "म्हणून तर काय होत नाय." 

मग मोर्चांचे दिवस आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून आमच्या खोलीतले झाडून सगळे रस्त्यावर. मी तर पुढे. छप्पनच्या जानेवारीत गोळीबार झाला, लालबागला संचारबंदी लागली, तीन दिवस आम्ही अकरा जण खोलीत कोंडलेलो. पेपर मिळेना. कोंडीदा मोर्चाला येत नव्हता असं नाही. यायचा, झेंडा धरायचा, दमला की कडेला बसायचा. पण संचारबंदीत सगळे रागानं फणफणत असताना हा विचारतो काय, तर कुळकायद्याचं बिल या गडबडीत मागं तर पडणार नाही ना. मी उसळलो. म्हटलं, "माणसं मेली रे मुंबईसाठी! तुला काय लाज?"

तो म्हणाला, "मेली त्याचा माला वाईट वाटताहा. मुंबई आपल्याला मिळाया हवी, ता पन खरा. पन भिवा, मी मुंबईतना जायला बघतोय."

 मला त्याचा राग आला होता आणि रागाबरोबर हा खरंच जाईल याची धास्तीही होती, ती मी तेव्हा बघितली नाही.

बिल मागं पडलं नाही. कायदा झाला. सत्तावनच्या एक एप्रिलपासून कसणारं कूळ मालक धरलं जाईल, असं ठरलं. पोरांनी त्याला एप्रिल फूल म्हणून चिडवलं, तरी त्यानं खोलीत साखर वाटली. मला वाटलं, आता हा ट्रंक भरील. पण मालक धरणं वेगळं आणि कागद होणं वेगळं. मामलेदार कचेरीचा साहेब गावोगाव येणार, कुळाला नोटीस काढणार, समोर उभं करून विचारणार, जमीन घ्यायला राजी आहेस का. राजी असलास तर किंमत ठरणार. नाही म्हणालास किंवा आलाच नाहीस तर जमीन गेली. हे सगळं कोंडीदानंच आम्हाला वाचून दाखवलं होतं, कलमाच्या आकड्यासकट.

नोटीस यायला पावणेदोन वर्षं गेली. तोवर मिलमध्ये चार सांचे आले. पाळी सुटल्यावर कोंडीदा चाळीचा जिना चढायचा तो मधल्या वळणावर बसून, दोनदा. पेपर वाचायचा, पण आवाज उतरला होता. माझी झोप नीट व्हायला लागली होती आणि मला ते बरं वाटत नव्हतं.

एकोणसाठच्या जानेवारीत त्याला नोटीस आली आणि मलाही आली. माझ्या आईच्या वाट्याला दोन कोपरे होते, तेही नाना खोताचेच, कूळ म्हणून नाव माझं. आम्ही दोघांनी रजा टाकल्या. जायच्या आधी आठ दिवस खोलीत तालीम चालली. मी साहेब व्हायचो. ट्रंकेवर बसून दरडावायचो, "कोंडीराम धोंडू पाष्टे, सदर जमीन खरेदी करण्यास तुम्ही राजी आहात काय?" आणि कोंडीदा हात बांधून ठणठणीत सांगायचा, "होय साहेब, मी राजी आहे." एकदाही चुकला नाही. भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना त्यानं ट्रंक बरोबर घेतली होती. रिकामी करून परत आणणार का म्हणून मी चेष्टा केली. तो म्हणाला, "नाय, भरलेली न्हेतोय. तिथेच ठेवून येनार."

साहेबांचा मुक्काम खोतांच्या घरी होता. दुसरीकडे उतरणार कुठे? गावात ओटी असलेलं घर तेवढंच. ओटीवर टेबल मांडलं होतं, टेबलामागे साहेब, शेजारी त्यांचा कारकून, आणि बाजूच्या आरामखुर्चीत नाना खोत अडकित्त्यानं सुपारी कातरीत बसलेले. आम्ही तीसेक कुळं खाली अंगणात. आमच्या घरातलं माणूस त्या ओटीवर कधी बसलेलं नाही. पायरीला हात लावायचा आणि अंगणात उभं राहायचं, ही चाल. त्या दिवशी मात्र नानांच्या आईनं आतून सगळ्यांना चहा पाठवला. कपबशीतून. कोंडीदानं कपाला दोन्ही हात लावले आणि माझ्याकडे बघितलं. मला तो चहा आवडला नाही, पण मी प्यायलो.

नाव पुकारलं तेव्हा कोंडीदा पायरी चढून वर गेला. साहेब तरुण होते, सकाळपासून बोलून घसा बसला होता. खोलीतल्या तालमीत मी जसं दरडावून विचारत होतो, तसं त्यांनी काही विचारलंच नाही. कागदावरून मान वर करून, पानाचं तबक पुढे करावं तसं ते सहज म्हणाले, "काय कोंडीराम, घ्यायची ना जमीन?"

आणि कोंडीदा हसला. नाना खोताकडे बघून, हात जोडून, मान वाकवून म्हणाला, "नको नको. ऱ्हाऊ दे. खोतांचीच हाय ती."

आता हे मुंबईच्या माणसाला समजावून कसं सांगायचं? आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाहीत. कोणाच्या घरी गेलात आणि भाकरी पुढे केली, तर पोटात आग असली तरी नको म्हणायचं. घरवाला म्हणतो, अरे घे रे. पुन्हा नको म्हणायचं. तो म्हणतो, घे रे बाबा, असं काय करतोस, आणि मग घ्यायचं. पहिल्यांदाच हो म्हणतो तो हावरट. भाकरीला ही तऱ्हा, मग ज्याच्या ओटीवर उभा आहेस, ज्याच्या आईचा चहा आताच प्यायलास, त्याच्या तोंडावर त्याची जमीन? कोंडीदा तिथे उभा राहून वाट बघत होता, की नाना खोत म्हणतील, "घे रे कोंड्या." मी त्याचं तोंड बघत होतो. त्याला खात्री होती.

नाना सुपारी कातरीत राहिले. त्यांनी काही खोटं केलं नाही, फसवलं नाही. फक्त वर बघितलं नाही.

साहेब कारकुनाला म्हणाले, "खरेदीस राजी नाही. घ्या सही."

मी अंगणातून ओरडलो, "साहेब, त्याला हवी हाय! तो असाच बोलतो!" साहेबांनी विचारलं, "तू कोण? तुझं नाव पुकारलंय का?" आणि कोंडीदा, ज्याची जमीन चालली होती तो कोंडीदा, मागं वळून मला म्हणाला, "गप रे. खोतांच्या घरात आरडतोस काय?" मग त्यानं सही केली. आम्हा सगळ्यांत त्याची सही चांगली. बाकीचे अंगठे उठवत होते.

तिसऱ्या नावानंतर माझं नाव आलं. साहेबांनी तेच, तसंच विचारलं. मी नाना खोताकडे बघितलं नाही. म्हटलं, "होय. आजच लिवून घ्या." अंगणात कोणीतरी जीभ चावली. मी उद्धट म्हणून लहानपणापासून प्रसिद्ध आहे. उद्धट होतो म्हणून माझी जमीन राहिली.

खाली आल्यावर मी कोंडीदाचा दंड धरून गदागदा हलवला. तुला वेड लागलं का, कलमं पाठ होती ना तुला? तो शांत होता. म्हणाला, "पुन्ना इचारतील रे. असा एका इचारण्यात काय मंजूर होत नाय. तू असेंब्ली कधी नीट ऐकलास नाय." तेव्हा मला कळलं की त्याच्या मनात तीन वाचनं चालू आहेत. ह्या माणसानं सरकारची इतकी वर्षं भाषणं वाचली, आणि त्यातून त्यानं सरकारवर विश्वास ठेवायला शिकावं, यावर काय बोलायचं?  संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

रखमावयनी, कोंडीदाची बायको, त्या वेळी त्याच चार कोपऱ्यांत कुळथाच्या शेंगा बघत होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. नोटिशीत तिचं नाव नव्हतं. घरी येऊन कोंडीदानं सांगितलं, "आज नको बोललोय, पुन्ना इचारतील." ती म्हणाली, "बरा," आणि चुलीशी गेली. घरातलं कोण काय बोलतं त्यावर उलट बोलायची तिची रीत नव्हती.

ट्रंक त्यानं गावालाच ठेवली, आणि तो मुंबईला दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसला. जानेवारी गेला, शिमगा गेला. मी रोज म्हणत होतो की वकिलाकडे चल. तो म्हणे, मधेच गेलो तर साहेबाला राग येईल. शेवटी गावाहून कागद आला की सदर जमीन मालकाकडे कायम. तेव्हा मी त्याला ओढून ठाकूरद्वारला एका वकिलाकडे नेलं. वकील भला माणूस. कागद दोनदा वाचला, तारखा बघितल्या. "अपिलाची मुदत गेली," म्हणाला. "तेव्हाच का नाही आलात?" मग त्यानं सहीवर बोट ठेवलं. "आणि ही सही तुमचीच?" कोंडीदा म्हणाला, "माझीच." वकिलानं कागद घडी करून परत दिला. जिना उतरताना कोंडीदा म्हणाला, "दमलो रे." मी त्याला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं, बराच वेळ.

त्या पावसाळ्यात रखमावयनीच्या हातात करायला काही नव्हतं. दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेली. आपल्या कोपऱ्यांत खोतांनी दुसरे गडी घातलेले बांधावरून बघत ती येत-जात असे, असं माझ्या आईनं सांगितलं. साठच्या शिमग्यानंतर ती मुंबईला आली. गावाला राहायचं कशासाठी? कोंडीदानं आमच्याच चाळीत एका खोलीचा अर्धा भाग पोटभाड्यानं घेतला, मधे गोणपाटाचा पडदा. आमच्यापैकी पाच जण तिच्याकडे जेवायला लागलो. कोंडीदा चार सांच्यांवर परत उभा राहिला होता. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याला सांभाळून घ्यायचा, पण किती?

एक मेला महाराष्ट्र झाला. काळाचौकीत पताका, रोषणाई, बँड. मी नाचलो, खोटं कशाला सांगू. काही दिवसांनी दुपारच्या जेवणाला मी तिच्याकडे गेलो तेव्हा कोंडीदा सुट्टीवर होता, खोकल्यानं. पडद्याजवळ बसून तो पेपर वाचत होता. नव्या राज्याची असेंब्ली, नवे मंत्री, आणि शेतजमिनीच्या नव्या कायद्याचं बोलणं. सवयीनं मोठ्यानं वाचत होता. रखमावयनी माझ्या पानात भात वाढता वाढता थांबली.

"ह्या काय वाचताव?" तिनं विचारलं.

"असेंब्ली," कोंडीदा म्हणाला. "सरकार काय कायदा करनार ता."

"असा रोज वाचताव?"

"रोज."

"कवापासना?"

कोंडीदानं माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं, "पाच-सहा वर्सं झाली, वयनी. आमच्या सगळ्यांची झोप घालवलान ह्यानं."

"आणि त्याच्यात आमच्या कोपऱ्यांचा होता? साहेब येनार, इचारनार, हो बोलायचा, ता सगळा होता?"

"होता," कोंडीदा म्हणाला.

ती भाताचं पातेलं खाली ठेवून बसली. आवाज चढवला नाही. "मंग माला एकदा वाचून दाखवायचात," ती म्हणाली. "मी आले असते वटीवर. माला कसली भीड? तीस वर्सं त्या चिखलात मीच उभी होते. मी हो बोलले असते."

कोंडीदानं पेपर घडी करून बाजूला ठेवला. मी जेवत राहिलो. त्या खोलीत आम्ही अकरा जण इतकी वर्षं ती असेंब्ली ऐकत होतो, भांडत होतो, शिव्या घालत होतो. आमच्या प्रत्येकाची जमीन गावाला कोणीतरी बाईच कसत होती. माझी आई कसत होती. माझ्या कोपऱ्यांचा सातबारा माझ्या नावावर झाला होता, आणि तो का झाला, कसा झाला, हे मी तिला अजून नीट सांगितलेलं नव्हतं.